छताजवळची हवा

लिंबाजी सरदारांना कोणी "काय सरदार, ठीक?" असं विचारलं, तर ते कधी "ठीक" म्हणत नसत. जागच्या जागी उभे राहत, विचार करत आणि सांगत, "झोप लागली. खोकला हाय. डाव्या गुडघ्यात कळ यायलीय. सकाळधरून काही खाल्लं न्हाई." विचारणारा बिचारा नुसता रामराम करायच्या बेतानं बोललेला असे; त्याला हा सगळा पाढा ऐकून घ्यावा लागे. पूर्णा जंक्शनवर माणसं गाडी पकडायच्या घाईत असतात. सरदार समोरून येताना दिसले की बरेच जण काही न विचारताच सटकत. मलाही पहिले काही दिवस ते विक्षिप्त वाटले. मग ध्यानात आलं, की हा माणूस 'बरं' म्हणतो, 'चांगलं' म्हणतो, 'झकास'सुद्धा म्हणतो. एवढा एक शब्द तेवढा तोंडातून काढत नाही.

आम्ही पूर्णेला राहायला गेलो तेव्हा निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. शाळांतली उर्दू जाऊन मराठी आली होती आणि माझ्यासारख्या सातवी पास बायकांना बोलावून बोलावून मास्तरणी करत होते. आमचे हे रेल्वेत गार्ड. आठवड्यातले तीन दिवस घरी, बाकीचे कुठल्या तरी परगावच्या रनिंग रूममध्ये मुक्कामाला. मूलबाळ नव्हतं. स्टेशनामागच्या त्या दोन खोल्यांत इंजिनांच्या शिट्ट्या आणि मी. भिंतीपलीकडच्या खोलीत सरदार एकटे राहत. दोन्ही घरांत बोलायला माणूस नाही, त्यामुळे मधल्या अंगणात आमचं बोलणं सुरू झालं. मी त्यांना मामा म्हणू लागले. ते मला शेवटपर्यंत 'बाई'च म्हणत.

सरदार म्हटल्यावर मी आधी कोणी नांदेडकडचे दाढी-पगडीवाले असतील असं समजले होते. पाहते तो काय, जेमतेम माझ्या खांद्याला लागणारा, काटकुळा, धोतर-बंडीतला म्हातारा. मला हसू आवरलं नाही. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. म्हणाले, "फौज न्हाई अन् घोडा न्हाई, बाई. दिव्याचा सरदार हाय मी." तेलंगणातल्या एका कोळशाच्या खाणीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. खाणीत सरदार हा हुद्दाच असतो. मजूर आत शिरण्याआधी आणि सुरुंगाचा प्रत्येक बार उडवण्याआधी सरदारानं जाळीचा दिवा घेऊन जायचं, हवा तपासायची, आणि हवा चांगली असली तर तिथल्या पाटीवर खडूनं लिहून खाली सही करायची. ते लिहिलेलं पाहून बाकीच्यांनी जीव त्याच्या हवाली करायचा. पूर्णेला मात्र ते इंजिनांच्या शेडमध्ये कोळशाच्या ढिगांवर देखरेख करत.

देखरेख म्हणजे काय, तर दिवसभर ढिगांवर आणि भोवतालच्या वाटेवर पाणी मारणं. शेडमधले लोक त्यांची टर उडवत. "सरदार, कोळसा उगवून यायचाय का?" असं एकानं विचारलं तर बाकीचे टाळ्या देत. सरदारांवर ढिम्म परिणाम नाही. वाटेवर काळा भुगा साचलेला दिसला की त्यांचा जीव वरखाली होई. एकदा त्यांनी शेडच्या फोरमनकडे चुनखडीची पूड मागितली, वाटेवर पसरायला. फोरमन म्हणाला, "उघड्या रानात कसला स्फोट होतोय, सरदार? रांगोळी घालायची हौस असेल तर घरी घाला." फोरमनचंही बरोबरच होतं. मोकळ्या आभाळाखाली तशी भीती नव्हती. पण माणूस खाणीतून बाहेर आला तरी खाण त्याच्यातून निघतेच असं नाही.

शाळेत मला हवेवरचा धडा शिकवायचा होता. मी सहज त्यांना म्हटलं, "मामा, खाणीतल्या हवेचं काहीतरी सांगा, पोरींना सांगेन." तर त्यांनी माझ्याकडून मूठभर ज्वारीचं पीठ मागून घेतलं. अंगणात उघड्यावर शेणी पेटवली, मला दहा हात लांब उभं केलं. आधी पिठाची एक ढिगली निखाऱ्यावर ठेवली. ती नुसती करपली, धुरकटली. मग एक चिमूट जाळावर उधळली. भक्कन जाळ उठला आणि गेला. मी दचकून आणखी मागे सरले.

"बघितलं? पीठ तेच हाय. ढीग करपतो, उडालेला भडकतो. कोळशाचं तसंच. ढिगाला भिऊ नये, भुग्याला भ्यावं."

मग त्यांनी माझा कंदील घेतला, वात बारीक केली आणि खाणीतला वायू समजावला. तो हवेपेक्षा हलका, म्हणून छताशी जाऊन बसतो. त्याला रंग नाही, वास नाही. दिव्याची वात अगदी बारीक करून दिवा हळूहळू छताकडे न्यायचा. वायू असला तर ज्योतीवर फिकी निळी टोपी चढते. टोपी दिसली की माणसं बाहेर काढायची, वारा खेळवून वायू घालवायचा, मगच काम. "एवढासाच वायू पेटला तर दोघा-तिघांना भाजून थांबतो, बाई. पन त्याच्या दणक्यानं बुडाचा भुगा उठतो, अन् मग आग भुग्यावर बसून गल्लीगल्लीनं पळती. तिथं कुनी वाचत न्हाई. म्हनून भुग्यावर पानी मारायचं, दगडाची पूड पसरायची. पुडीला आग लागत न्हाई, ती आगीला वाटंतच गार करती. अन् बार चिकनमातीनं गच्च ठासायचा, म्हंजी जाळ भोकातून उलटा भाईर येत न्हाई." शिकवणं त्यांचं असं, की मी ते आजही विसरलेले नाही. मी मात्र शहाणपणा केला आणि पिठाचा प्रयोगही पोरींना सांगितला. दुसऱ्या दिवशी तीन आया दारात पीठ सांडल्याची तक्रार घेऊन हजर. सरदार माझ्यावर रागावले. "हे सांगायचं नसतं, बाई. भ्यायचं कसं तेवढं सांगायचं."

आठवड्यातून एक दिवस हा माणूस निराळा असे. ताडकळसच्या बाजारादिवशी ते धुतलेलं धोतर नेसत, चहापत्तीची पुडी घेत आणि सकाळच्या मोटारीनं ताडकळसला जात. तिथं अनसूयाबाई राहत. त्यांचा नवरा किसन सरदारांबरोबर खाणीत होता आणि तिथंच एका स्फोटात गेला, एवढं मला ठाऊक होतं. अनसूयाबाई दर बाजारादिवशी सरदारांना जेवायला घालत. भाकरी, अंबाडीची भाजी, वर मिरचीचा ठेचा. परत आले की ते मला भाजीत तेल किती होतं इथपासून सगळं सांगत. एकदा म्हणाले, "माझ्या हप्त्यात तेवढाच एक दिस हाय, बाई. बाकीचे नुसते वार."

एका बाजारादिवशी ते दुपारीच परत आले. चहापत्तीची पुडी हातात तशीच. मी विचारलं तर अंगणातल्या दगडावर बसले. मग सांगू लागले. ताडकळसला नवी विहीर खोदणं चाललं होतं. किसनचा मुलगा भगवान तिथं कामाला होता. लग्नाच्या वयाचा, हाताचा हुशार गडी. खडक लागला, सुरुंग लावायची वेळ आली, तर गावानं भगवानला विहिरीतून वर काढलं आणि झरीहून बारवाला बोलावला. कोणीतरी वरून म्हणालं, "बापानं खाण उडवली, हा विहीर उडवील." भगवाननं टोपलं तिथंच फेकलं. ऊस तोडायला नगरकडे जातो आणि परत येत नाही, असं आईला सांगून तो कपडे बांधायला लागला होता.

"किसन त्या गावचा नामी बारवाला होता, बाई. विहिरीचा खडक पापडावानी काढायचा. मीच त्याला खाणीत नेलं."

"मग लोक असं का म्हणतात?"

"चौकशीत तसं लिव्हलं. किसननं मातीच्या जागी कोळशाचा चुरा ठासला आसंल, म्हनून बार उलटला. गावात तेच आलं. किसन कच्च्या बाराचा, म्हनून पोरगा बी कच्च्या बाराचा."

"आणि खरं काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "खरं मी हाय."

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते मी जमेल तसं त्यांच्याच शब्दांत देते. "किसन काम करायचा त्या गल्लीत आठ दिसामागं छत पडलं होतं. वर गाडीभर पोकळी राहिली होती. वायू अशाच जागी दडतो, तिथं दिवा नेऊन बघायचा नेम असतो. मी टाचा उंच केल्या, हात लांब केला. पोचंना. किसन म्हनला, 'दादा, मपल्या खांद्यावर बसा, वर लावून बगा.' अन् वाकून उभा बी राहिला. चार गडी होते, ते हसले. जत्रंत पोरगं बसवत्यात तसं बसायचं म्हनून हसले. मला लाज वाटली, बाई. सारी जिंदगी बुटका म्हनून ऐकलेलं. मी म्हनलो, 'काही गरज न्हाई. ठीक हाय.' पाटीवर खडूनं लिव्हलं. मला उर्दूत तेवढंच लिव्हता यायचं, 'ठीक' अन् खाली सही. मी म्होरल्या गल्लीला गेलो, किसननं बार उडवला. किसन अन् ते हसलेले चौघं."

ते पुढे म्हणाले, "चौकशीत साहेबानं इचारलं, पोकळी बघितली होती का? मी म्हनलो, बघितली. हवा साफ म्हनल्यावर दोष कुनाचा? बाराचा. बार चांगला जरी ठासला तरी वायूला एक ठिनगी पुरती. किसननं गच्च ठासला होता. मी मपल्या डोळ्यानं माती मळताना बघितला त्याला."

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला. इतकी वर्षं त्या बाईच्या हातची भाकरी खाताना घशाखाली उतरली कशी, असंही मनात आलं. पण समोर बसलेला माणूस इतका एवढासा दिसत होता की मी तो राग गिळला. शेवटी म्हटलं, "जुनी गोष्ट झाली, मामा. भगवानला तुम्ही समजावा आणि सोडून द्या."

"समजावून काय व्हनार? गावाला सांगावं लागंल. अनसाबाईला सांगावं लागंल." आणि मग अगदी हळू, "ते घर बंद व्हईल मला."

माझ्याकडून त्यांनी आधी एक अर्ज लिहवून घेतला, खाणीच्या कचेरीला. किसनचा दोष नव्हता, माझा होता, एवढाच मजकूर. महिन्यानं उत्तर आलं की संस्थान गेलं, दप्तरं हलली, त्या काळचे कागद आता सापडत नाहीत. सरदारांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. तोवर भगवानला त्याच्या आईनं कशीबशी शपथ घालून थांबवलं होतं. ऊसतोडीच्या टोळ्या निघायला आठ दिवस उरले होते.

बाजारादिवशी मी सुट्टी टाकली. हे घरी होते. आम्ही तिघं ताडकळसला गेलो. विहिरीवर पंधरा-वीस माणसं होती, वर मातीच्या ढिगावर बसलेली. मला वाटलं, सरदार कोणाला तरी बाजूला घेऊन सांगतील. तसं काही नाही. ते सरळ काठावर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी लिंबाजी. खाणीत किसनच्या वर सरदार होतो. किसनचा बार पक्का होता. हवा खराब होती. ती बघायचं काम मपलं होतं. मी बघितली न्हाई अन् बघितली म्हनून खोटं सांगितलं." एकानं विचारलं, "इतकी वर्सं का बोलला न्हाईत मग?" सरदार म्हणाले, "भ्यालो." एका म्हाताऱ्यानं तंबाखू थुंकून भगवानकडे पाहिलं. "ये रं," तो म्हणाला, "उद्याचा बार तू भर." भगवान सरदारांकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता असं मला म्हणवत नाही.

तिथून आम्ही अनसूयाबाईंच्या घरी गेलो. बातमी आमच्या आधी पोचली होती की नाही कोण जाणे, पण त्यांनी ताट वाढलेलं होतं. सरदार ताटावर बसले नाहीत. दाराशी उभे राहूनच त्यांनी सगळं सांगितलं, खांद्याचं, हसण्याचं, पाटीवरच्या अक्षराचं, काहीही न गाळता. अनसूयाबाई चुलीपुढे बसून ऐकत होत्या. तव्यावरची भाकरी जळत चालली तरी त्यांनी ती उलटली नाही. मग म्हणाल्या, "इतकी वर्सं तुमी यायलाव. मला वाटायचं, तुमाला त्यांची आठवन येती."

"येती," सरदार म्हणाले.

"जावा तुमी," बाई म्हणाल्या. "म्होरून जावा माझ्या."

परतताना मोटारीत सरदार खिडकीशी बसले होते.

पुढच्या बाजारादिवशी त्यांनी सवयीनं धोतर धुऊन वाळत घातलं, चहापत्ती आणली आणि माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. "जाऊ का, बाई?" मी भाजी चिरत होते. मला वाटलं, आपण शाळेत शिकवतो, चार माणसं ओळखतो, आपल्याला बायकांचं मन कळतं. मी मान वर न करता म्हटलं, "मामा, नका जाऊ. बाईचा जीव दुखावलाय. तुम्हाला बघून तिला त्रासच होईल. आता ते दार बंद समजा." ते "बरं" म्हणाले. चहापत्तीची पुडी माझ्या ओट्यावर ठेवली आणि शेडमध्ये पाणी मारायला गेले. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. भगवानचं मात्र कानावर येई. त्याचे बार नीट उडत होते, आसपासच्या गावांतूनही त्याला बोलावणी येत होती. ते ऐकलं की सरदार दोनदा मान हलवत. अंगणात आमचं बोलणं चालू राहिलं, पण सांगायला त्यांच्याकडे फारसं काही नसे. सातही वार सारखेच झाले होते.

त्या थंडीत मी बाळंतपणासाठी माहेरी गेले. पहिलटकरीण, म्हणून सहा महिने तिकडेच राहिले. हे पत्रात लिहीत, सरदार थकलेत, खोकतात. मग एका पत्रात लिहिलं की सरदार गेले. हे ड्यूटीवर होते. खोलीचं दार दोन दिवस उघडलं नाही, तेव्हा शेडमधल्या लोकांनी येऊन पाहिलं. जवळ कोणी नव्हतं. त्यांची थट्टा करणारे तेच लोक त्यांना नदीवर घेऊन गेले.

परत आल्यावर ताडकळसला जाऊन सांगणं माझ्याकडे लागलं होतं. बाजारादिवशी लेकराला काखेला मारून गेले. अनसूयाबाई भाकऱ्या थापत होत्या. त्यांना भगवानकडून आधीच कळलं होतं.

"कुनी होतं का जवळ?" त्यांनी विचारलं.

"नाही, मावशी."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "मी रागानं म्हनले जावा. कायमचं थोडंच म्हनले? भगवान पहिला बार भरून घरी आला त्याच दिशी माझा राग गेला. तवापून दर बाजाराला त्यांच्या वाटच्या दोन भाकरी करीत होते. वाट बघायची अन् म्हशीला घालायची. बोलावनं धाडायचं म्हनलं तर मला वाटलं, त्यांना आता लाज वाटत आसंल, येतील मपल्या पायानं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कुनी सांगितलं त्यायला, येऊ नका म्हनून?"

मला खोटं बोलता आलं असतं. कोणालाच कळलं नसतं.

"मी सांगितलं, मावशी."

त्यांनी लेकराला माझ्याकडून घेऊन मांडीवर ठेवलं, माझ्यापुढे ताट सारलं. भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा. मी दोन घास खाल्ले आणि मला रडू कोसळलं. माझं रडणं संपेपर्यंत त्या लेकराला थोपटत बसल्या. निघताना म्हणाल्या, "मग आता तुमी येत जावा. मला सवय लागलीय दोन भाकरी जास्त करायची."

मी पुढचे दोन बाजार गेले. तिसऱ्या आठवड्यात यांच्या बदलीचा हुकूम आला, चार दिवसांत हजर व्हायचा. सामान बांधणं, लेकराचं दुखणं, शाळेचा निरोप. ताडकळसला जाऊन सांगायचं राहून गेलं. पत्र लिहीन म्हटलं, तेही लिहिलं नाही. त्या बाजारादिवशी आमची गाडी पूर्णेहून सुटली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. अनसूयाबाईंनी तव्यावर भाकरी टाकली असेल.